महाराजांची बिरुदं आणि सासऱ्यांचा पेनड्राइव्ह

पिंजलेला कापूस चादरीत बांधला, म्हणून तो कमी होतो का हो? धवलगडच्या प्रधानजींना वाटलं, होतो!

त्याचं असं झालं. रणधवल महाराजांच्या सासऱ्यांनी नखाएवढा एक पेनड्राइव्ह पाठवला आणि निरोप दिला, "जावईबापू, आजवर काढलेले सगळे हुकूम यात भरून पाठवा. राज्य करता की नुसतेच जेवता, ते तरी कळू दे."

महाराज भडकले. एक अक्षरही न गाळता सगळे हुकूम संध्याकाळच्या आत त्यात बसले पाहिजेत, असं त्यांनी प्रधानजींना बजावलं.

राजवाड्यातल्या लिनक्सच्या संगणकात हुकमांच्या फाइलींचा नुसता पसारा होता. प्रधानजींनी 'टार' ही आज्ञा दिली. सगळ्या फाइलींची मिळून एकच भलीमोठी फाइल झाली. प्रधानजींनी ऐटीत मिशीवरून हात फिरवला. पण ती फाइल काही पेनड्राइव्हमध्ये शिरेना. मग खापर फुटलं ते संगणकाच्या खोलीत काम करणाऱ्या जैनबवर. ही पिंजाऱ्याची मुलगी. काम झालं नाही तर नोकरीही जाईल आणि म्हाताऱ्या अब्बांसह राहायची खोलीही, असं प्रधानजींनी तिला सुनावलं.

जैनबला अब्बांपेक्षा त्यांच्या कापसाच्या ढिगाची काळजी वाटली. तो घेऊन जायचं कुठे?

"प्रधानजी, तुम्ही नुसतं गाठोडं बांधलंत," ती म्हणाली. "गाठोड्यात कापूस सांडत नाही, एवढंच. तो कमी करायचा तर दाबायला हवा."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमचा हात मिशीवर होता. मध्येच कसं बोलणार?"

तिने त्या गाठोड्यावर 'जीझिप' चालवलं. भोपळ्याएवढ्या फाइलीचा चणा झाला! पेनड्राइव्हमध्ये बसून वर जागा उरली. प्रधानजी धावतच दरबारात गेले आणि पोरीने निम्मे हुकूम फेकून दिले म्हणून ओरडू लागले.

महाराजांनी जैनबला बोलावून घेतलं. तिने सगळ्यांसमोर तो चणा उलगडून दाखवला. अब्बा दाबलेला कापूस पिंजून मोकळा करतात, तशा सगळ्या फाइली जशाच्या तशा बाहेर आल्या. 'आज वांगं नको' हा हुकूमसुद्धा.

"मग एवढी जागा वाचली कुठून?" महाराजांनी विचारलं.

आता धवलगडचा रिवाज असा, की हुकूम वांग्याचा असला तरी त्याच्या वर आणि खाली महाराजांची सगळी बिरुदं लिहायची. शत्रुकाळ, दानसागर, पृथ्वीभूषण, अशी पानभर.

"महाराज, जे पुन्हा पुन्हा येतं ते जीझिप एकदा लिहून ठेवतं," जैनब म्हणाली. "पुढे नुसती खूण करतं, की इथे मागचंच समजा. आपली बिरुदं अशीच आटोपली."

"मग त्या चण्यात उरलंय काय?"

"आपण खरोखर जे बोललात, ते."

प्रधानजींनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी एकदा पेनड्राइव्हकडे पाहिलं, एकदा जैनबकडे, आणि असे खो खो हसत सुटले की त्यांचा मंदील मांडीवर पडला.

"पोरी, हे सासऱ्यांना कळता कामा नये," ते कसेबसे म्हणाले आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह सासऱ्यांकडे रवाना झाला, आणि जैनब राज्याची दप्तरदार म्हणून प्रधानजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.