बिनकुंपणाचं गायरान

वेल्सच्या डोंगरांत मेंढरं बोलायची, तेव्हाची गोष्ट. कुंपणात वाढलेला इफान मेंढा डोंगरावरच्या गायरानात मेगनमावशीकडे पाहुणा गेला.

"मावशी, कुंपण कुठंय? कळप पांगेल की!"

"इथं प्रत्येक आई पिल्लाला चरता चरता आपली हद्द दाखवते. कुणी पांगत नाही."

इफानला पटेना. चरायचं सोडून तो शिंगं रोखून हद्दीवर उभा राहिला. मेंढ्या तिथवर येऊन आपल्या आपण वळायच्या.

"काय घाबरतात मला!" इफान खूश.

इतक्यात दाट धुकं उतरलं. इफान गोंधळून चार पावलं सरकला आणि हद्दीपलीकडच्या दलदलीत पोटापर्यंत रुतला.

"धावा! कळप हरवला!" तो बोंबलला.

धुक्यातून मावशी आली. "कळप जागेवरच आहे, बाळा."

इफाननं चिखलातल्या स्वतःकडं पाहिलं आणि त्याला हसू फुटलं.

"मग मावशी, कुंपण मलाच घाल!"