न गाता बसलेला गळा

एकदा एका वृद्ध बुवांकडे दोन शिष्य गाणे शिकत होते. थोरला पुष्कळ वर्षांपासून तिथे होता. धाकटा रंगनाथ मागाहून आला आणि आल्या आल्या बुवांच्या मनात भरला.

थोरल्याला अलीकडे थकवा जडला होता. पहाटे उठायचे म्हटले की अंग जड होई, तंबोऱ्याला हात लावावासा वाटेना. रियाजाला बसलाच तर थोड्या वेळात गळा बसे, आणि मग दिवसभर भिंतीला टेकून राहण्यापलीकडे काही सुचत नसे. वैद्यांनी नाडी पाहिली, ज्येष्ठमध चघळायला दिला, दूध-तूप वाढवले. दूध-तूप अंगी लागले, गाण्याची इच्छा मात्र परतली नाही.

शेजारी रंगनाथ गाऊ लागला की मात्र याची सुस्ती कुठल्या कुठे पळे. आपल्याला वर्षानुवर्षे न साधलेली तान हा पोरगा हसत हसत घेतो, हे त्याला बघवत नसे. आतल्या आत जळत असे बिचारा. गुरूंचे लक्षच तिकडे, मग माझ्या अंगात त्राण कुठून येणार, असे स्वतःला समजावत असे.

शेवटी त्याने गाठोडे बांधले आणि गाणे सोडून गावी जातो म्हणून बुवांना सांगून टाकले.

बुवांनी अडवले नाही. एवढेच म्हणाले, "जा. पण जाण्याआधी आठवडाभर गळ्याला विश्रांती दे. गाऊ नकोस, बोलू नकोस. रंगनाथाच्या मागे नुसता तंबोरा धर."

कालच्या पोराच्या मागे तंबोरा धरायचा, हे शिष्याच्या जिव्हारी लागले. पण गुरूंचा शब्द मोडणे त्याला जमण्यासारखे नव्हते. रोज तो मागे बसे. दर तानेला त्याला वाटे, आता हा घसरणार. तान सुखरूप समेवर येई आणि याच्या काळजात कळ उठे. समोर बुवा डोळे मिटल्यासारखे करून बसलेले असत.

आठवडा सरला तेव्हा त्याला पाणीसुद्धा गिळवेना. मौन सोडले तर आवाज घोगरा. तो घाबरला. विश्रांतीने उलटा गळाच गेला, असे त्याने बुवांना सांगितले.

"तंबोरा छेड," बुवा म्हणाले.

त्याने छेडला. पंचमाची तार उतरलेली होती.

"कालपासून उतरली आहे. रंगनाथाने दोनदा मागे वळून पाहिलं. तुला ऐकू आलं नाही, कारण तू गात होतास. ओठ मिटलेले होते, पण त्याच्या प्रत्येक तानेला तुझा कंठ हलताना मी पाहिला. तो श्वास घेई तेव्हा तू श्वास रोखून त्याच्या चुकण्याची वाट पाहत होतास. तो गाऊन मोकळा झाला, तू मात्र तेच गाणं आवळल्या गळ्यानं, त्याच्याशी भांडत गायलास. तो आल्यापासून हेच चाललं आहे. तू आळशी नाहीस, बाबा. तू दोघांचं गातो आहेस."

शिष्याने मान खाली घातली. म्हणाला, "हेवा वाटतो, बुवा. तो हेवा काही मी बोलावलेला नाही."

"वाटू दे. तो आपल्या वेळेनं जाईल. गळा आवळला की तेवढं ओळख, आवंढा गिळ आणि पुन्हा आपल्या तारेकडे ये."

दुसऱ्या दिवशीही तो मागे तंबोरा धरून बसला. रंगनाथाने तीच तान घेतली. शिष्याचा गळा आवळला. त्याने आवंढा गिळला आणि तारेकडे कान दिला. पंचम किंचित उतरला होता. तारेतला मणी सरकवून त्याने तो जुळवला. पुढे बसलेल्या रंगनाथाचा सूर स्थिरावला, आणि गाणे संपले तेव्हा आपला गळा दुखत नाही, हे शिष्याच्या ध्यानात आले.

हेवा गेला नव्हता. पण पुढच्या पहाटे कुणी न उठवता तो उठला, आणि गाठोड्यातून आपली चटई काढून रियाजाला बसला.

आपणही काही न करता दमलो, तर आपल्या गळ्यात कुणाचे गाणे चालले आहे, ते एकदा पाहावे.