रिकाम्या टाकीवर चाललेली मोटर

भक्तजनहो, खाडीच्या मुखाशी खारवळ नावाचे गाबितांचे, म्हणजे मच्छीमारांचे, एक गाव आहे. तिथे होड्या लागतात त्या तरीजवळ उंडीच्या झाडाखाली महाराजांची झोपडी होती. महाराज कुठून आले, कुणाचे शिष्य, हे कुणालाच ठाऊक नव्हते. लोक त्यांना उंडीमहाराज म्हणत. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दवाखाना खाडीच्या वरच्या टोकाला, तालुक्याच्या गावी होता, आणि तिथे जायचे ते पाण्यानेच.

लवू कुबल हा महाराजांचा भक्त. रोज समुद्रावर जाण्याआधी तो झोपडीत घागरभर पाणी भरून ठेवी आणि महाराजांपाशी घटकाभर गप्प बसे. मागणे असे काही नसेच. वासुदेव तांडेलाला हे बसणे खुपे. लवू त्याच्याच जाळ्यावर भागीने, मासळीच्या वाट्यावर, काम करी. त्या वर्षी वासुदेवाने बोटीच्या मागच्या फळीला लावायची नवी मोटर आणली होती. गावातली ती पहिलीच, त्यामुळे तांडेलाचे पाय जमिनीवर नव्हते.

"तुझो महाराज भरतीची वाट बघता, लवू," तो चारचौघांत म्हणे. "माझी मोटर कोणाची वाट बघणा नाय."

लवू मान खाली घालून जाळे आवरत राही.

नारळी पौर्णिमा आली. एक नारळ समुद्राला द्यायचा आणि दुसरा बोटीच्या तोंडाशी फोडायचा, ही खारवळची रीत. वासुदेवाला त्या दिवशी बोटीपेक्षा मोटरच मोठी वाटली. त्याने मोटरीला हळदकुंकू वाहिले, हार घातला आणि नारळ तिच्याच डोक्यावर, पेट्रोलच्या टाकीवर, फोडला. टाकीच्या झाकणाला हवा जायला भोक असते. नारळाचे पाणी कुठे गेले, हे त्या गर्दीत कोण बघतो?

त्याच सकाळी, नारळ फुटल्यावर थोड्याच वेळात, लवूची बायको शेवंती अडली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवा आसा. माझ्या हातात काय नाय. दवाखान्यात न्हेवा."

भरती चढत होती. चढत्या पाण्याबरोबर वल्ही मारली तर दुपारच्या आत तालुका गाठता आला असता. लवूने आपली लहान होडी पाण्यात लोटली. शेवंतीला उचलून आणले, तोच वासुदेव आडवा आला.

"वल्ही मारीत खय जातलंस? वाटेतच मरात ती. माझ्या बोटीत घाल. च्या पिऊन होयसर दवाखान्यात पोचवतंय."

त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे आपण मान्य करू. पण त्याला बाई वाचवण्यापेक्षा मोटर दाखवायची होती. ज्याच्या जाळ्यावर आपण पोट भरतो त्याला नाही म्हणणे लवूला जमले नाही. त्याने शेवंतीला मोठ्या बोटीत निजवले.

वासुदेवाने दोरी ओढली. मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली. पुन्हा ओढली, काही नाही. त्याने प्लग काढला, तो ओला होता. लुंगीने पुसला, काडी पेटवून सुकवला, परत बसवला. दोरी ओढून ओढून तळहाताला फोड आले. मोटर गप्प. किनाऱ्यावर माणसे जमली होती. त्यांच्यासमोर हार मानणे त्याला मरणाहून कठीण वाटले.

"वासुदेवदादा," लवू हात जोडून म्हणाला, "माका माझी होडी काढूक दी. भरती आसा तवसर जातलंव."

"थांब रे. आता लागतली."

ते "आता" काही येईना. शेवंतीचे कण्हणे हळूहळू बारीक होत गेले. आणि मग पाणी फिरले. ओहोटी लागली, खाडी समुद्राकडे धावू लागली. आता चार माणसांनी वल्ही मारली असती तरी होडी वर चढली नसती.

लवू झोपडीकडे धावला. महाराज दारातच उभे होते. काही न विचारता ते उतरून बोटीपाशी आले.

"नारळ कुठे फोडलास?" त्यांनी वासुदेवाला विचारले.

"मोटरीर, महाराज."

"मग टाकी पालथी कर."

वासुदेवाने टाकी उलटी केली. पेट्रोल आणि त्याखाली साचलेले गढूळ पाणी वाळूवर सांडले. खारवळात दुसरे पेट्रोल नव्हते. तेसुद्धा तालुक्याहूनच यायचे.

"थेंबभर ऱ्हवाक नाय," वासुदेव रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता ही कशार चालतली?"

महाराजांनी मोटरीवर हात ठेवला. "ओढ."

त्याने ओढली. आणि काय सांगावे भक्तजनहो, कोरडी ठणठणीत मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली! ओहोटीच्या विरुद्ध बोट खाडी चिरत वर गेली. तालुक्याच्या धक्क्याला लागेपर्यंत ती एकदाही अडखळली नाही.

चमत्कार इथे संपतो आणि पुष्कळजण इथेच हात जोडून उठतात. पण गोष्ट पुरी ऐकायची तर बसायला हवे. शेवंती वाचली. मूल मेलेले जन्मले. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणायला हवे होते.

लवू परतला तेव्हा पाण्याची घागर न घेताच झोपडीत गेला. "बिनपेट्रोलची मोटर चालवलात," तो म्हणाला. "मगे माझो झील कित्याक नाय?"

महाराज त्याच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही, लवू. जेवढे दिले तेवढेच माझ्या हातात होते." त्यांचे डोळे भरून आले होते. ज्यांना याहून गोड उत्तर हवे असेल त्यांनी ते दुसरीकडे शोधावे. मला महाराजांचे हेच उत्तर खरे वाटते.

तेवढ्यात वासुदेव आला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नको," ते म्हणाले, आणि लवूकडे बोट दाखवले.

वासुदेव तांडेल गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्याने आपल्याच जाळ्यावर भागीने राबणाऱ्या लवूच्या पायांवर डोके ठेवले. लवूने पाय मागे घेतले नाहीत, आणि त्याला ऊठही म्हटले नाही.