बारवेच्या पायऱ्या

गावोगावी नळ येण्याच्या फार आधीची ही गोष्ट. माळरानावरच्या एका गावात एक बारव होती. बारव म्हणजे दगडी पायऱ्यांची विहीर. बायका घागरी घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरत, शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसत आणि घटकाभर बोलून वर येत. बाहेर ऊन रणरणत असलं तरी खाली गारवा असे.

त्या गावाला नारूचं दुखणं होतं. दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या पायावर फोड उठे, त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघे आणि ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळे.

उपाय तर लहान पोरांनाही पाठ होता. वैद्यबुवांनी कितीदा सांगितलं होतं, "नारूवाल्याचा पाय पाण्यात पडतो आणि तेच पाणी तुम्ही पिता. पायऱ्या बंद करा, वरून पाणी शेंदा."

तीनदा गाव जमलं, खाली उतरायचं नाही असं ठरलं. वर रहाटही बसवला. तिन्ही वेळा आठवडाभरात बायका पुन्हा खाली उतरू लागल्या. पाटील म्हणत, "लोक ऐकत नाहीत." लोक म्हणत, "पाटलांच्या घरच्या घागरी आधी खाली जातात."

एका वर्षी साळूबाई कुंभारणीच्या सुनेला, तानीला नारू झाला. तिचा पाय शेकताना साळूबाईने विचारलं, "वर रहाट होता ना गं? मग खाली का उतरायचीस?"

तानी म्हणाली, "आत्याबाई, घरात बसायला सवड नसते, शेतात तर नाहीच. तिथं पाय सोडून बसलं की माहेरच्या नदीवर बसल्यासारखं वाटतं. रहाटापाशी काय आहे? उन्हात उभं राहायचं, घागर भरायची नि निघायचं."

साळूबाईला आपले दिवस आठवले. नवी नवरी होऊन या गावात आली, तेव्हा तीही त्याच पायरीवर रडली होती. तिची पहिली मैत्रीणही तिला तिथंच भेटली होती. गाव तीनदा जमलं, पण हे कुणी बोललं नव्हतं. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाटलांकडे गेली. "पाटील, पायऱ्या बंद करा. पण आधी रहाटाजवळच्या कडुनिंबाखाली ओटा बांधा, दहा बायका टेकतील एवढा."

"पाणी भरायचंय की गप्पा मारायच्यात?" पाटलांनी विचारलं.

"दोन्ही. तुम्ही एकाचीच सोय केलीत, म्हणून दुसऱ्यासाठी बायका खाली जातात."

पाटलांना ते पटलं. त्यांनी गवंडी बोलावला. आधी ओटा झाला, मग पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली. पहिला दगड साळूबाईने ठेवला. ठेवताना तिचे डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी पाटलीणबाई घागर घेऊन रहाटावर आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तरीही सातजणांना नारू झाला. लोक चिडले. "काय उपयोग झाला? पाडा ती भिंत."

साळूबाई भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. "हा गेल्या वर्षीच्या पाण्याचा नारू आहे. वर्षभर तो अंगात असतो, वैद्यबुवांना विचारा. आणखी एक उन्हाळा थांबा."

लोक थांबले. वैद्यबुवांवर सगळ्यांचाच विश्वास होता असं नाही, पण बायकांना एव्हाना ओट्यावर बसायची सवय झाली होती. खाली जायची घाई कुणालाच नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावात एकही नारू निघाला नाही. पेरणीला सगळी माणसं आपल्या पायांनी शेतात गेली.

पुढे साळूबाई म्हातारी झाली. नातवंडं विचारत, "आजी, भिंतीपलीकडे काय आहे?"

"पायऱ्या आहेत. पाण्यात पाय सोडले की बारीक मासे तळव्यांना गुदगुल्या करायचे. आम्ही इतक्या हसायचो, की आवाज वरपर्यंत घुमायचा."

"मग बंद का केल्या?"

"त्याच पाण्याने तुमच्या आईला दोन महिने निजवलं होतं. पण तिथं सुख होतं, पोरांनो. म्हणून तर बंद करायला इतकी वर्षं लागली."

तात्पर्य: उपाय ठाऊक असूनही गावाचं दुखणं जात नसेल, तर त्या उपायापायी लोकांना काय सोडावं लागतं, हे आधी त्यांनाच विचारावं.