रखमाजीचा कोपरा

ही बारव नीट बघा, मंडळी. वरवर चौकोनी दिसते ना? पण गवंड्याचा गुण्या लावाल तर चारांपैकी दोनच कोपरे काटकोनात बसतात. हसू नका! बांधणारा अडाणी नव्हता. पंचक्रोशीतला सगळ्यात नावाजलेला पाथरवट होता तो, रखमाजी.

रखमाजीचे केस पिकले तरी त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, म्हणे. मग त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ बहिरजी इथं राहायला आला आणि सगळं बिनसलं. बहिरजीची नजर म्हणजे गुण्याच. एकदा पाटलीणबाई गोधडीसाठी तुकडे निवडत बसल्या होत्या. तिकोनी, चौकोनी, तिरके, सगळे एकात एक. पाटील गमतीनं म्हणाले, "बहिरजी, यातले काटकोनाचे कुठले, सांग बघू."

त्यानं लांबूनच बोट दाखवत सतरा तुकडे सांगितले. रखमाजीनं एकेकाला गुण्या लावून पाहिला. एकही चुकेना! लोकांनी वाहवा केली, आणि रखमाजीच्या पोटात जे दुखू लागलं ते काही थांबेना. त्या दिवसापासून तो मेहुण्याला पाण्यात पाहू लागला.

पुढे बारवेचं काम निघालं. पाटलांनी पूर्वेचे दोन कोपरे रखमाजीला दिले, पश्चिमेचे दोन बहिरजीला. ज्याचं काम सरस, त्याच्या घराण्याला गावच्या पाथरवटाचा मान. हा मान तीन पिढ्या रखमाजीच्या घरात होता. तो जाणार या भीतीनं त्याला घास गोड लागेना.

बहिरजीचा उत्तरेकडचा कोपरा बिनचूक बसला. दक्षिणेकडचा आखायचा होता, त्या दुपारी तो भाकरी खायला गेला. त्याची दोरी बाभळीला टांगलेली होती. तीन, चार आणि पाच हातांच्या अंतरानं गाठी मारलेली ही दोरी खुंट्यांना ताणली, की काटकोन मिळतो. रखमाजीनं शेवटची गाठ चार बोटं पुढे सरकवली. "बघू आता तुझी नजर!"

कोन आखताना बहिरजीला खटकलं होतं, असं सांगतात. पण दोरी दाजींनी स्वतः वळून दिलेली, ती कशी चुकेल? त्यानं त्याच कोनात दक्षिणेची भिंत उचलली.

महिन्याभरानं दक्षिणेची ती भिंत रखमाजीच्या कोपऱ्याला येऊन भिडली, आणि त्याच्याच कोपऱ्यात गुण्या बसेना. अरे बाबा, चौकोन तो! एक कोपरा फाकवला तर दुसरा मिटणारच. जन्मभर चौकोन बांधलेल्या माणसाला जळफळाटापायी एवढं सुचू नये?

गाव जमला. बहिरजीनं छिन्नी रखमाजीच्या पायाशी ठेवली. "दाजी, माझीच नजर फिरली. तुमचा कोपरा मी बिघडवला. यापुढे मी दगडाला हात लावणार नाही."

पाटलांनी मानाचं पागोटं रखमाजीपुढे धरलं. हवं होतं ते समोर होतं. गप्प राहिलं की झालं! पण त्याला ते घेववेना. त्यानं दोरी सगळ्यांपुढे धरली. "गाठ मी सरकवली. बहिरजीचा हेवा वाटला मला." मग पागोटं त्यानं आपल्या हातानं मेहुण्याच्या डोक्यावर ठेवलं. पाटील भिंत पाडायला निघाले, तेव्हा म्हणाला, "राहू द्या. मला रोज दिसू द्या."

आजही या गावात कुणी गवंडी आपला कोन आपण तपासत नाही. ज्याच्याशी त्याचं पटत नाही, त्यालाच मानानं बोलावून गुण्या हातात देतात. तो "बरोबर आहे" म्हणाला की मगच पहिला दगड बसतो. म्हणताना फार जड जातं बिचाऱ्याला, पण म्हणतो.