हार्डडिस्कनं निवडलेला सोबती

यंत्रं आपला सोबती आपणच निवडत, त्या काळची ही गोष्ट. दमयंतीबाईंकडे एक जुनी हार्डडिस्क होती. बाईंच्या दिवंगत आईनं गायलेल्या ओव्या तिच्या पोटात होत्या. त्या घरभर ऐकवायला तिला एक छोटा संगणक हवा होता.

तळहाताएवढे दोन संगणक, सख्खे भाऊ, समोर आले. थोरला झपाट्याचा, डोक्यावर पंखा मिरवणारा. धाकटा संथ. त्यानं एवढंच विचारलं, "मावशी, आपल्या दोघांना वीज एकाच तारेतून मिळणार. तुम्हाला किती लागते?"

"आल्या आल्या खाण्यापिण्याच्या गोष्टी," डिस्क फणकारली आणि तिनं थोरल्याला निवडलं.

थोरला जोरात धावला आणि बहुतेक वीज आपणच प्यायला. तिसऱ्या दिवशी, ओवी चालू असतानाच, उपाशी डिस्कला भोवळ आली. टकटक करत ती थांबली. शुद्धीवर आली, तेव्हा ती ओवी अर्धीच उरली होती.

आता डिस्क धाकट्याजवळ असते. बाई रोज तीच ओवी लावतात. आईचा आवाज मध्येच तुटतो, आणि बाई पुढचे शब्द आठवत बसतात.

"मावशी, पोट भरलं ना?" धाकटा अजूनही विचारतो.

डिस्क ओवी जिथं तुटली, ती जागा पुन्हा एकदा चाचपून बघते.