राजाचा अख्खा लाडू

नीलसर तळ्यावर धुकं असं उतरायचं, की काठचं गाव पाण्यावर तरंगतंय असं वाटावं. तिथे संक्रांतीला दोघं मिळून तिळाचा एकच लाडू मोडत, अर्धा अर्धा खात, की झाले एकमेकांचे सोबती. सोबत्याचा सोबती तोही आपलाच सोबती, अशी रीत होती.

एका संक्रांतीला धुंडिराजशास्त्री राजा वज्रसेनाला म्हणाले, "महाराज, गणा सोमाचा सोबती, म्हणून सोमा गणाचा. मग रीतीप्रमाणे गणा गणाचाच सोबती! म्हणजे प्रत्येक जण निदान स्वतःचा तरी सोबती आहेच. आपल्या राज्यात एकटं कुणीच नाही."

राजा खूश झाला. "मग एकट्यांसाठी तळ्याकाठी अन्नछत्र कशाला? आजपासून चूल बंद!"

खिडकीत धुकं बघत बसलेली राजाची आत्या कुमुदावती हळूच म्हणाली, "शास्त्रीबुवा, गणाला सोमा भेटला, म्हणून तो फिरून स्वतःपाशी आला. ज्याच्याबरोबर कुणीच लाडू मोडला नाही, त्यानं कुठल्या वाटेनं परतायचं?"

"असा माणूस दाखवा तरी!" शास्त्री हसले.

आत्यानं राजापुढचं चांदीचं ताट उचललं. त्यात दरवर्षीसारखा अख्खा लाडू होता. राजाबरोबर तो मोडायची कुणाची छाती होती?

"वज्रा, चूल खुशाल बंद कर," ती म्हणाली. "पण आधी तिथे जेवून ये. पहिलं पान तुझंच आहे."

राजा उठला. लाडू घेऊन तो धुक्यात चालत गेला.

दुपारी धुकं विरलं. अन्नछत्राची चूल पेटलेली होती, आणि पायरीवर बसलेल्या राजाच्या हातात अर्धाच लाडू होता.